शेण तपासणी लॅब, चाळीसगाव: ढोरं पाळणाऱ्यांनी एकदा तरी जाच

आमच्या म्हशी गिरणेच्या पाटाकडेला चरतात, तिथं ओलं गवत आणि गोगलगायी भरपूर. पावसाळा सरता सरता दोघींना पातळ शेण सुरू झालं, दूध उतरलं, एकीच्या जबड्याखाली पाणी धरलं. गावात आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध दिलं, काडीचा फरक नाही. मग या लॅबला शेण नेलं.

इथल्या ताईंनी शेण पाण्यात कालवलं, गाळलं, तसंच ठेवलं, वरचं पाणी ओतून दिलं, परत पाणी घातलं, असं पाणी निवळेपर्यंत चाललं आणि मग बुडाचा गाळ काचेवर घेतला, कारण चपट्या जंतांची अंडी जड असतात, तळाला बसतात, मिठाच्या पाण्यावर तरंगवायची नुसती टेस्ट केली तर ती हुकतात. मलाही मायक्रोस्कोपमधून दाखवलं. लिव्हर फ्लूकचं (फ्लूक म्हणजे चपटा जंत, हा लिव्हरमधला) अंडं पिवळसर दिसतं, आमची बिनरंगी निघाली, म्हणजे अँफिस्टोम, हा दुसऱ्या जातीचा फ्लूक. त्याची पिल्लं लहान आतड्याला चिकटतात, म्हणून ती हगवण. आयव्हरमेक्टिन गोल जंतांचं औषध, फ्लूकवर चालतच नाही! रिपोर्ट बघून डॉक्टरांनी वजनावर ऑक्सिक्लोझॅनाइड हे फ्लूकचं औषध पाजलं, आता दोघी रवंथ करत मस्त बसतात.

ताई समजावून सांगतात हे मला सगळ्यात भावलं. माणसाच्या आणि डुकराच्या आतड्यात राहणारा फॅसिओलॉप्सिस बस्की नावाचा फ्लूक बिहार, आसामकडे सापडतो, त्याचं अंडं आणि लिव्हर फ्लूकचं अंडं जवळपास सारखंच दिसतं, नक्की कोण ते डीएनएवरूनच कळतं. आणि भारतातल्या बस्कीचा डीएनए चीन-व्हिएतनामवाल्यापेक्षा इतका वेगळा आलाय की ही जातच निराळी असावी असं संशोधकांना वाटतंय. हा जंत पाण्यातल्या वनस्पतींवरून पोटात जातो, आपल्या बाजारात शिंगाडे आले की पोरं दातानेच सोलतात, तर भाऊ, उकडूनच द्या.

एक स्टार कापला कारण डीएनएची सोय इथं नाही, सॅम्पल पुढं पाठवायचीही नाही. निदान रिपोर्टवर 'अंड्यावरून नेमकी जात ठरत नाही' एवढं छापा, लोक कागद बघून परस्पर औषध आणतात.

शेण सकाळचं ताजं न्या, प्रत्येक ढोराचं वेगळ्या डबीत, आणि ढोर कुठल्या पाण्यावर चरतं ते आधीच सांगा, ताई विचारतातच.