नवजात बाळाची तपासणी : हात सफाईदार, संमतीपत्र मोघम

पुतणीच्या जन्मानंतर कोल्हापुरातील एका खासगी प्रयोगशाळेची नवजात तपासणी सेवा आम्ही घेतली. परिचारिकेने बाळाची टाच कोमट कापडाने शेकून, कडेला टोचून, रक्ताचे थेंब कार्डावरील गोलांत नेमके भरले. जन्मजात थायरॉइडची कमतरता पहिल्या दोन आठवड्यांत ओळखून औषध सुरू केल्यास बौद्धिक वाढ खुंटणे बहुतांशी टळते, तर जी-सिक्स-पीडी या लाल रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) कमतरता कळल्यास कोणती औषधे टाळायची हे ठरवता येते. त्यामुळे या मूळ तपासणीचे पैसे वसूल झाले.

मात्र सोबत गळ्यात मारले जाणारे संपूर्ण जनुकीय पॅकेज मला पटले नाही. संमतीपत्रात बारीक अक्षरांत नमुना ‘संशोधनासाठी’ ठेवण्याची मुभा घेतली होती, पण किती काळ आणि कोणाकडे, याचा पत्ता नव्हता. अमेरिकेत टेक्सास राज्याने पालकांच्या संमतीविना साठवलेले असे 50 लाखांहून अधिक नमुने 2009 मधील दाव्यानंतर नष्ट करावे लागले होते. वहिनींनी ते कलम खोडूनच सही केली आणि काउंटरवर कोणी कुरकुर केली नाही (एवढे श्रेय द्यायलाच हवे). अहवाल मात्र पासवर्डविना थेट व्हॉट्सॲपवर आला, हे गैरच. तपासणी करून घ्यावी. पॅकेज नाकारावे आणि नमुना नष्ट केल्याचे लेखी मागावे.