गावाकडचे जर्मन वाडे बघायचेत? म्युन्स्टरलँड की मेक्लेनबुर्ग

राजेरजवाड्यांचे किल्ले बघून झाले की जर्मनीत राहणारे आपले लोक विचारतात, आता पुढे काय. माझं उत्तर ठरलेलंय, खेड्यातले जमीनदारांचे वाडे बघा. फक्त हातात तीन-चार दिवस असतील तर पश्चिमेचं म्युन्स्टरलँड आणि उत्तर-पूर्वेचं मेक्लेनबुर्ग यातलं एकच नीट बघून होतं, त्यामुळे निवडावं लागतं.

आधी एक फरक डोक्यात ठेवा, कारण बाकी सगळं त्यातनंच येतं. म्युन्स्टरलँडमध्ये शेतकऱ्याचं घर आपापल्या शेतात, लांब लांब, तो मालकाला धान्य-खंड द्यायचा पण शेती स्वतःची स्वतः करायचा. मेक्लेनबुर्गात उलटं, तिथे जमीनदारांनी शेतकऱ्यांच्या जमिनी गिळून आपली एकच मोठी शेती केली आणि गावातल्या लोकांना तिच्यावर राबवलं, वेठबिगारी तिथे कायद्याने संपली ती थेट 1820 साली. म्हणून पश्चिमेचा वाडा म्हणजे मालकाचं राहतं घर, चारी बाजूंनी पाण्याचा खंदक, गाव बाजूला कुठेतरी. पूर्वेचा वाडा म्हणजे, त्याला तिकडे गुट्सहाउस म्हणतात, अख्ख्या गावाचा मालक, झाडांच्या रांगेतनं सरळ रस्ता, दोन्हीकडे गोठे-कोठारं, मजुरांच्या बुटक्या चाळीवजा खोल्या आणि समोर तो वाडा. गावात कुठेही उभे रहा, वाडा तुमच्याकडे बघतोय असंच वाटतं.

म्युन्स्टरलँडचं सांगतो. लाल विटा, कडेला फिकट दगड, पाण्यात पडलेलं प्रतिबिंब, आणि वाडे इतके जवळ जवळ की सायकलवर दिवसात तीन सहज होतात, सायकलींसाठी शंभर वाड्यांचा म्हणून खास रूटच आखलेलाय. ल्युडिंगहाउसनजवळचं फिशरिंग 1271 सालचं, आता म्युझियम. नोर्डकिर्शन सगळ्यात भव्य, 1703 पासून बांधलेलं, आणि तिथे आता कोण असतं तर टॅक्स खात्यात लागणारी पोरं, राज्य सरकारचं कॉलेज आहे आत! बाग मोकळी, आतल्या खोल्या मात्र गाइडबरोबर. ह्युल्सहोफ हे कवयित्री आनेट फॉन ड्रोस्ट-ह्युल्सहोफचं जन्मघर (1797), युरो यायच्या आधी वीस मार्कांच्या नोटेवर तिचाच चेहरा होता, आणि 2012 पासून तो वाडा एका फाउंडेशनकडे आहे. काही वाड्यांत तर जुनी घराणी आजही राहतात, तिथे खंदकाबाहेरूनच बघायचं. सगळं नीटनेटकं, रंगवलेलं, कारण मधे मालकांना कोणी हाकललंच नाही.

मेक्लेनबुर्गात हाकललं. 1945 च्या शरद ऋतूत सोव्हिएत झोनमध्ये, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर रशियाच्या ताब्यात आलेल्या पूर्व भागात, 100 हेक्टरच्या वरची प्रत्येक इस्टेट बिनमोबदला काढून घेतली, सगळा झोन धरला तर अशा 7 हजारांवर, घोषणा होती "युंकरांची जमीन शेतकऱ्यांच्या हाती" (युंकर म्हणजे तिकडचे बडे जमीनदार), आपल्याकडच्या "कसेल त्याची जमीन"सारखीच. कित्येक मालकांना जिल्हासुद्धा सोडायला लावला. रिकाम्या वाड्यांत पूर्व प्रशिया, पोमेरानिया, सायलेशिया अशा जर्मनीने गमावलेल्या पूर्वेकडच्या भागांतनं जीव मुठीत घेऊन आलेली कुटुंबं खोली-खोलीत कोंबली गेली. मग 1947 चा सोव्हिएत हुकूम नंबर 209, जप्त जमीन वाटून मिळालेल्या नव्या शेतकऱ्यांना घरं बांधून द्या, आणि त्याला विटा-लाकूड कुठनं आणायचं तर वाडे पाडून. जे वाचले त्यांत बालवाडी, दुकान, सहकारी शेतीचं ऑफिस, दवाखाना. मला इथेच थांबून बघावंसं वाटतं, कारण ज्या दिवाणखान्यात मजुराला पाय ठेवता येत नव्हता तिथेच पुढे त्याची नातवंडं बालवाडीत गेली, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना वाडा आठवतो तो तसाच.

1990 नंतर जुन्या मालकांना वाटलं आता परत मिळेल, पण 1945 ते 49 मधली जप्ती उलटवायची नाही असं पूर्व-पश्चिम जर्मनीच्या एकीकरणाच्या करारातच ठरलं आणि 1991 ला घटना कोर्टाने ते कायम केलं. म्हणजे आपल्याच आजोबांचा वाडा विकत घ्यायचा. उलरिक्सहूजन बघा, 1562 चा वाडा, 1987 मध्ये जळून नुसत्या भिंती उरल्या, 1993 ला वाडा मुळात ज्यांचा त्या माल्टसान घराण्यातल्याच एकाने ते अवशेष विकत घेतले, पुढच्याच वर्षी कोठारात प्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिनचा कार्यक्रम, आज तिथे हॉटेल आणि दर उन्हाळ्यात कॉन्सर्ट. क्ल्युट्सचं बोटमर दुसऱ्या टोकाचं, 1726 ते 32 मध्ये बांधलेलं, मालक लंडनमध्ये मुत्सद्दी होता आणि तिथेच वारला, पुढे 1948 ते 1994 वृद्धाश्रम, 2008 ला राज्याने विकत घेतलं, 2015 पासून म्युझियम. रस्त्यावरची लिंडनची झाडं तोरणासारखी छाटलेली, ती चुकवू नका. आणि या दोन्हींच्या मधल्या गावांत असे वाडे लागतात ज्यांच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्यात, छतातनं झाड आलंय, ते पाहून पोटात कालवतं.

आता ठरवायचं कसं. आई-बाबा बरोबर असतील, गाडी नसेल, रोज संध्याकाळी शहरात परतायचं असेल तर म्युन्स्टरला मुक्काम टाका, ट्रेन-बस-सायकलवर सगळं होतं. लहान मुलं असली तरी तेच. मेक्लेनबुर्गात गाडीशिवाय हाल होतील, क्ल्युट्सला नेहमीची ट्रेनसुद्धा जात नाही, आणि खेड्यात संध्याकाळी जेवण मिळेलच असं धरून चालू नका, बरोबर डबा ठेवा. मुक्काम मात्र तिकडेच जास्त भारी, कारण कितीतरी दुरुस्त केलेल्या वाड्यांत खोल्या भाड्याने मिळतात आणि बहुतेक वेळा मालक स्वतः किल्ली देतो, कुठला जिना कसा वाचवला ते सांगत बसतो.

मला विचाराल तर, चालू-फिरू शकत असाल तर मेक्लेनबुर्ग, आणि तेही जूनमध्ये. मिटसोमर-रेमीजे नावाचा एक वीकेंड असतो, तेव्हा एरवी बंद असणारे, अर्धवट दुरुस्त झालेले वाडेसुद्धा लोकांना आत घेतात, उजेड रात्री दहापर्यंत असतो. खोली आधीच बुक करा, आणि यादीत एक तरी दुरुस्त न झालेला वाडा ठेवा.