महेश्वरच्या हॉटेल बुकिंगमध्ये ३५,६१६ रुपये गेले, नीट वाचा आणि घरच्यांना पण सांगा

८,४०० अधिक ९,४०८ अधिक १७,८०८. एकूण ३५,६१६ रुपये. १२ डिसेंबर, शुक्रवार, रात्री ९:२० ते १०:०१. ४१ मिनिटांत माझ्या स्वतःच्या हाताने, तीन वेळा पिन टाकून पाठवले. ओटीपी कुणाला दिला नाही, लिंक उघडली नाही, कुठलं अ‍ॅप डाउनलोड केलं नाही. हे आधीच सांगते कारण ज्याला सांगावं तो पहिलं हेच विचारतो, "ओटीपी दिलात का?" नाही दिला. तरी गेले.

आमचं ठरलं होतं नाताळच्या सुट्टीत महेश्वरला जायचं. २०२५ हे अहिल्यादेवींच्या जन्माचं ३०० वं वर्ष, सासूबाई मे महिन्यापासून म्हणत होत्या एकदा मला नर्मदेवर ने. त्यांचं वय ७४, दोन्ही गुडघे गेलेले. नाशिकहून गाडीने धुळे, शिरपूर, बिजासन घाट, सेंधवा, खलघाटला नर्मदेचा पूल ओलांडायचा की पुढे धामणोदवरून महेश्वर, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. शुक्रवारी २६ ला पहाटे निघायचं, संध्याकाळी घाटावर बसायचं, शनिवारी सकाळी राजवाड्यात लिंगार्चन बघायचं, अहिल्यादेवींची गादी, राजराजेश्वराचं देऊळ, दुपारी विणकरांकडे साड्या, जमलं तर नावेने बाणेश्वर, रविवारी परत. माणसं सहा, म्हणजे दोन खोल्या, दोन रात्री. आणि एक अट, एक खोली तळमजल्यावरच पाहिजे, कारण आई जिना चढू शकत नाहीत. ही अट लक्षात ठेवा, मला त्याच अटीवर पकडलं.

महेश्वर छोटं गाव आहे. घाटाजवळ बऱ्या खोल्या मोजक्याच आणि नाताळाला मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र सगळेच तिकडे. मी चार ठिकाणी फोन केले, चारही फुल्ल. पाचवं हॉटेल नकाशाच्या अ‍ॅपवर सापडलं, घाटापासून चालत जाता येईल असं, रेटिंग चांगलं, फोटो खरे, रिव्ह्यू खरे, हॉटेल पण खरंच आहे. फक्त तिथला फोन नंबर त्यांचा नव्हता. कुणीतरी "बदल सुचवा" वरून नंबर बदलून ठेवला होता. हे असं होतं हे मला माहीत होतं का? बँकेच्या कस्टमर केअरच्या बाबतीत माहीत होतं, ते मी स्वतः ऑफिसात लोकांना सांगते. महेश्वरसारख्या गावातल्या एका हॉटेलचा नंबर कोण कशाला बदलेल असं वाटलं. तर बदलतात. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर केंद्राने याच्यावर सूचना काढली होती, केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधामची हॉटेलं, सोमनाथची गेस्ट हाउस या नावांनी खोटी बुकिंग घेतात म्हणून. जिथे भाविक जातात आणि खोल्या कमी पडतात तिथे हे लोक बसलेलेच असतात.

फोन उचलणारा अतिशय सभ्य. आधी म्हणाला फुल्ल आहे. मग मी आईंच्या गुडघ्यांचं सांगितलं तर म्हणाला, "रुकिए मॅडम, माताजी के लिए देखता हूँ." दोन मिनिटं होल्डवर ठेवलं, मागे रिसेप्शनसारखे आवाज, आणि परत येऊन, "दो रूम हैं, एक ग्राउंड फ्लोअर, अभी एक पार्टी ने कॅन्सल किया. व्हीलचेअर भी रखवा देंगे." व्हीलचेअर मी मागितली नव्हती, त्याने स्वतःहून काढली. माझा सगळा संशय तिथेच संपला. ज्या माणसाने आपल्या सासूसाठी न मागता व्हीलचेअर देऊ केली त्याला मी काय विचारणार होते, तुमचा पुरावा दाखवा म्हणून?

मग व्हॉट्सअ‍ॅपवर हॉटेलचा लोगो, खोल्यांचे फोटो, रेट कार्ड. एक खोली ४,२०० एका रात्रीची, दोन खोल्या दोन रात्री १६,८००, अर्धे अ‍ॅडव्हान्स ८,४००. यूपीआय आयडी पाठवला. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते हॉटेलचं नव्हतं, एका माणसाचं होतं. मी विचारलं, तर म्हणाला मॅनेजर साहेबांचं खातं आहे, छोटी जगह है मॅडम. छोट्या हॉटेलांत असतंच असं, तुम्हीपण कोकणात, वाईला, गाणगापूरला असे पैसे दिले असतील. दिले पाठवून.

पाच मिनिटांत फोन, "मॅडम, सिस्टम ने एंट्री नहीं ली." जीएसटी धरून एक्झॅक्ट रक्कम एकदम टाकायला हवी होती म्हणे, ८,४०० वर १२ टक्के, ९,४०८. ती टाका, आधीचे ८,४०० दहा मिनिटांत आपोआप परत येतील.

इथे थांबते. कारण महिना होत आला तरी मी रोज रात्री इथेच येऊन थांबते.

मी अकाउंट्सला आहे. एकोणीस वर्षं. बिलं, जीएसटी, हेच माझं काम. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेलच्या खोलीवर १२ नाही, ५ टक्के जीएसटी आहे. हे मला पाठ आहे, ऑफिसात आमच्या सगळ्या टूर बिलांचे दर मीच बदलले. आणि मी त्याला बोलले पण! माझ्या तोंडून निघालं, "भैया, अब तो पाँच पर्सेंट है ना?" तो एक सेकंद गप्प झाला. फक्त एक सेकंद. मग म्हणाला, "हेरिटेज प्रॉपर्टी का स्लॅब अलग है मॅडम." हेरिटेजचा वेगळा स्लॅब नसतो. खोलीच्या दरावर ठरतं, ४,२०० ची खोली म्हणजे ५ टक्के, मग ती वाड्यात असो नाहीतर स्टँडसमोर. मला हे माहीत होतं आणि तरी मी मनात म्हणलं की असेल बाई, मध्य प्रदेशात काही वेगळं असेल. जीएसटी सगळ्या देशात एकच असतो हे मी, मी, विसरले. समोर आई बसल्या होत्या, तांब्या घासून पुसून पिशवीत ठेवत होत्या नर्मदेचं पाणी आणायला, अजून दोन आठवडे होते जायला तरी. त्यांच्यासमोर मला "खोली गेली" असं म्हणायचं नव्हतं. पिन टाकला.

तिसऱ्या वेळेचं थोडक्यात सांगते. दोन्ही रकमा "अटकल्या", आता १७,८०८ चा रिफंड निघायला तेवढीच रक्कम मॅच करून पाठवायची, मग ३५,६१६ एकदम परत. वाचताना तुम्हाला वाटेल असं कोण पाठवतं. तो फोन ठेवू देत नव्हता, "लाईन पे रहिए, नहीं तो सेशन टूट जाएगा", आणि ज्याचे १७,८०८ अडकलेत त्याच्या डोक्यात तेवढंच असतं की ते सुटले पाहिजेत. मिस्टर दुसऱ्या खोलीत होते, त्यांना हाक मारायची सुद्धा सुधरलं नाही. चौथ्यांदा ५,००० "सिक्युरिटी" मागितले तेव्हा मुलगा पाणी प्यायला आला, माझ्याकडे बघून म्हणाला, "मम्मी, तू कुणाला पैसे पाठवतीयेस?" आणि मी फोन कट केला.

परत मिळणाऱ्या पैशांसाठी आधी पैसे भरायचे असं जगात कुठेही नसतं. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार.

आणि खरी मोठी चूक त्यानंतरची आहे. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, तेव्हाच, रात्री १०:०२ ला फोन करायला हवा होता. मी नाही केला. मला लाज वाटली. रात्रभर मी त्या माणसाला मेसेज करत राहिले की निदान अर्धे तरी दे. सकाळी १० वाजता १९३० लावला, म्हणजे बारा तास गेले, आणि हे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून चौथ्या असे फिरतात. तरी तक्रार नोंदली, नंबर मिळाला, आणि नंतर कळलं की कुठल्यातरी खात्यात ६,२०० रुपये होल्ड झालेत. बारा तासांनी ६,२००, मग दहा मिनिटांत केला असता तर किती? हा हिशोब मी करते आणि झोप येत नाही. लाज नंतर वाटून घ्या, आधी १९३०. व्यवहाराचा यूटीआर नंबर, बारा आकडी असतो, तो हाताशी ठेवा.

आता बँकेचं. कस्टमर केअरला २६ मिनिटं होल्ड, मग एक मुलगी म्हणाली तुम्ही स्वतः पिन टाकलाय म्हणजे व्यवहार ऑथराइज्ड आहे. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार, बँक बंद. सोमवारी हाफ डे टाकून ब्रँचला गेले. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक प्रिंट काढून नेलं होतं, कामकाजाच्या ३ दिवसांत कळवलं तर ग्राहकावर जबाबदारी नाही, ते. तिथल्या साहेबांनी बघितलं पण नाही, म्हणाले ते तुमची चूक नसेल तर, इथे तुमची चूक आहे. कायद्याने त्यांचं बरोबर असेल. मान्य. पण मग ज्याच्या खात्यात गेले ते खातं कुणी उघडलं? त्याचं केवायसी कुणी केलं? एका रात्रीत अनोळखी लोकांकडून पैसे येतात आणि लगेच बाहेर जातात, हे कुठल्याच कॉम्प्युटरला दिसत नाही? माझं खातं दहा वर्षं जुनं आहे तरी पत्ता बदलायला मला तीन चकरा मारायला लावल्या होत्या यांनी. साहेब म्हणाले, "मॅडम, अर्ज देऊन जा." पोच मागितली तर म्हणाले शिक्का मारणारे जेवायला गेलेत. मी पाऊण तास उभी राहिले आणि शिक्का घेऊनच गेले. तुम्ही पण शिक्क्याशिवाय हलू नका, कारण ३० दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं (१४४४८ वर माहिती मिळते), आणि तिथे ही पोच लागते.

पोलीस स्टेशन. पहिल्या दिवशी सांगितलं सायबरकडे जा. सायबरला गेले तर म्हणाले ऑनलाइन केलीय ना तक्रार, मग आता काय पाहिजे. मी म्हणलं एफआयआर पाहिजे. तर म्हणे गुन्हा मध्य प्रदेशात घडला. अहो मी माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर बसून पैसे पाठवले, मध्य प्रदेशात कसा घडला? १ जुलै २०२४ पासून जो नवीन कायदा लागू झाला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम १७३ मध्ये हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यायची असं लिहिलंय. हे बोलले तर ते साहेब माझ्याकडे असं बघायला लागले की जणू मीच गुन्हा केलाय. मग स्टेटमेंट आणा, बँकेचा शिक्का आणा, चॅटचे प्रिंट तीन सेट आणा. आणले, १४० रुपयांचे प्रिंट. ते घेताना बाजूचा एकजण म्हणाला, "शिकलेल्या बायका तुम्ही, असं कसं करता?" या वाक्याचा मला त्या चोरापेक्षा जास्त राग आहे. तुमच्याकडे रोज माणसं येतात, त्यात सगळे अडाणी असतात का? आणि असले तरी? त्या ६,२०० साठी विचारलं तर सांगितलं कोर्टाकडून ऑर्डर आणा. सहा हजारांसाठी वकील लावू?

हॉटेलचा खरा नंबर त्यांच्या बाहेर लावलेल्या पाटीच्या फोटोत दिसला, एका रिव्ह्यूमधे कुणीतरी टाकलेला फोटो होता, झूम केल्यावर स्पष्ट. तो फोटो मी आधी पण बघितला होता. पाटीवरचा नंबर आणि अ‍ॅपवरचा नंबर जुळवून बघायला अर्धं मिनिट लागतं, ते अर्धं मिनिट द्या. हॉटेलवाले म्हणाले या महिन्यात तुम्ही चौथ्या. चौथ्या! मग तुम्ही काय केलंत? "रिपोर्ट किया है मॅडम." मी पण पाच वेळा रिपोर्ट केलाय तो नंबर, घरातल्या सगळ्यांच्या फोनवरून.

आईंना सांगितलं की खोल्या मिळाल्या नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत. तांब्या अजून पिशवीतच आहे.

काल परत बघितलं, तोच नंबर तिथे आहे. त्यामुळे या शनिवार-रविवारी किंवा शिवरात्रीला कुणी महेश्वर, ओंकारेश्वर, पैठण, पंढरपूर कुठेही जाणार असाल आणि फोनवरून अ‍ॅडव्हान्स दिला असेल, तर आत्ताच दुसऱ्या ठिकाणाहून नंबर शोधा, पाटीचा फोटो, ओळखीतलं कुणी जाऊन आलं असेल त्याच्याकडचं जुनं बिल, आणि तुमच्या नावाची खोली खरंच आहे का विचारा. नाही म्हणाले तर फोन ठेवून १९३०.