गतिरोधक की भुयारी मार्ग?

मुक्ताईनगरच्या वढोदा भागातला वाघ केळीच्या बागांतही मुक्काम ठोकतो. दाट सावली, पाणी, रानडुकरं. त्याला अजून काय पाहिजे? अडचण येते ती रस्ता ओलांडताना.

गतिरोधक आणि फलक: खर्च कमी, काम लवकर उरकतं. पण सावदा-रावेरकडून केळी भरून निघालेला ट्रक रात्री फलक वाचत बसत नाही, आणि दिव्याच्या झोतात ससा, रानमांजर जागीच थिजतं.

भुयारी मार्ग: महाग. रस्ता बांधतानाच केला तर बरा, नंतर खोदायचा म्हणजे खर्च फुगलाच. पण उपयोग होतो. पेंचमध्ये राष्ट्रीय महामार्ग ४४ खालून जाणारे वाघ कॅमेऱ्यांत टिपले गेलेत. तिथला एक मार्ग रस्त्याच्या लांबीच्या दिशेने तब्बल ७५० मीटर रुंद आहे. नुसती मोरी टाकून 'प्राण्यांसाठी' असं लिहिलं तर चितळ आत पाऊल टाकणार नाही. पलीकडचा उजेड दिसावा लागतो, तोंडाशी झाडोरा लागतो, रस्त्याकडेला कुंपण लागतं. आणि आत गुरं बांधायची नाहीत, हे गावात कोणी सांगायचं?

चौपदरी रस्त्याला माझं मत भुयारी मार्गालाच. शिवाररस्त्याला गतिरोधक बस झाले, फक्त रात्री दिसतील असे रंगवा.