लवंग तेलाच्या दोन बाटल्या: एक 5 मिलीची, एक 15 मिलीची

कोल्हापुरात माझी खानावळ आहे, बावीस वर्षं झाली. लवंग माझ्या हातातून किलोनं जाते. नखानं दाबली की तेल सुटलं पाहिजे, पाण्यात टाकली की बुडली पाहिजे किंवा उभी राहिली पाहिजे. आडवी तरंगली तर समजायचं, आधीच कुणीतरी तेल काढून घेतलंय आणि भुस्सा आपल्या गळ्यात मारलाय. एवढं कळत असूनही लवंग तेलानं मला फसवलंच.

एप्रिलमध्ये वर्षाचा कांदा-लसूण मसाला डंकावरून कुटून आणला आणि त्याच रात्री खालची उजवी दाढ ठणकायला लागली. वार शनिवार. दातांचे डॉक्टर थेट सोमवारी भेटणार, आणि रविवारी चाळीस डबे जायचे होते. धाकट्यानं कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून लवंग तेल आणलं. 5 मिलीची तपकिरी काचेची बाटली, 85 रुपये. वरती फक्त 'लवंग तेल', तारीख आणि 'पोटात घेऊ नये'. बाकी काही बडबड नाही.

मी अधीर. कापसाचा बोळा तेलात चिंब भिजवला आणि दाढेखाली धरला. दोन मिनिटांत जीभ, गाल, अर्धा ओठ बधिर. ठणका उतरला, खरंच उतरला, देवाची शपथ. पण सकाळी आरशात बघते तर हिरडी पांढरी पडलेली आणि चहाचा घोट घेतला की जाळ. चूक माझी होती, तेलाची नाही. काडीला कापूस गुंडाळून एक थेंब, तोही खोबरेलात मिसळून, फक्त किडलेल्या जागी टेकवायचा, हिरडीला नाही. रविवारी रात्री तसं केलं तेव्हा तासभर बरं वाटलं. तासभरच. मग पुन्हा ठणका. रात्रीतून तीनदा उठले.

सोमवारी डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्याबसल्या म्हटलं, "तुमच्या दवाखान्याला माझ्या मसाल्याच्या डब्याचा वास येतो." ते हसले. म्हणाले, "काकू, तो लवंगेचाच आहे." तात्पुरतं सिमेंट भरतात ना दातात, ते झिंक ऑक्साइडची पूड आणि युजेनॉल कालवून करतात. युजेनॉल म्हणजेच लवंग तेलातला मुख्य ऐवज, कळीच्या चांगल्या तेलात 70 ते 90 टक्के. बधिरपणा त्याचाच. पण कीड आत दाताच्या नसेपर्यंत पोचलेली, ती तेलानं कशी बरी होणार? ठणका दबला म्हणून सहा महिने ढकलणारे लोक रोज येतात, असं ते म्हणाले. माझं रूट कॅनाल झालं.

आता दुसरी बाटली. पुण्याच्या भाचीनं माझं दातपुराण ऐकून ऑनलाइन मागवून दिली. 15 मिली, 499 रुपये, सोबत ड्रॉपर, वर बर्फाच्या डोंगराचं चित्र आणि 'हिमालयातील शुद्ध लवंग'. अहो, लवंगेला उष्ण, दमट हवा लागते! आपल्याकडे ती कन्याकुमारीच्या डोंगरात, केरळात होते. बाजारातली बरीचशी मादागास्कर, टांझानियाकडून बोटीनं येते. बर्फात कुठली लवंग? मागच्या बाजूला केस वाढणार, वजन उतरणार, साखर ताब्यात येणार, अशी वरात.

पेल्यात पाणी घेतलं. मेडिकलवाल्या तेलाचा थेंब टाकला, काडीनं जरा ढोसला, गपकन तळाला जाऊन बसला. लवंग तेल पाण्यापेक्षा जड असतं. मग महागाचा थेंब टाकला. ढोसला, पुन्हा ढोसला. वरच. चकतीसारखा पसरून तरंगत राहिला. म्हणजे हलकं काहीतरी मिसळलेलं. खोबरेल मिसळलं तर पाप नाही, मीही मिसळते, पण मग 'शुद्ध' लिहू नका आणि 499 घेऊ नका. (पाण्याची ही युक्ती पातळ केलेलं तेल पकडते. लवंगेच्या पानांचं स्वस्त तेल कळीचं म्हणून खपवलं, तर ते मात्र पाण्यात बुडतंच. तिथं नाकच लागतं. पानांच्या तेलाचा वास रुक्ष, औषधी. कळीच्या तेलाला मागून गोडवा असतो.)

दातापलीकडचे उपयोगही करून बघितले. दिवसभर शेगडीपुढं उभं राहून पोटऱ्या भरून येतात. दोन चमचे खोबरेलात लवंग तेलाचा एक थेंब टाकून चोळलं की ऊब येते, झोप लागते. त्याहून जास्त घातलं तर कातडी चुरचुरते. ओट्याच्या फटीत बोळा ठेवला तर मुंग्या दोन दिवस फिरकत नाहीत. डासांसाठी हातापायाला लावून पाहिलं, अर्ध्या तासात डास हजर.

दोन ठिकाणी मात्र मी बाटली हातात घेतच नाही. नातीला दात येतायत, शेजारच्या मावशी म्हणाल्या, हिरडीला लाव थोडं. अजिबात नाही. चमचा-दोन चमचे पोटात गेल्यानं लहान मुलांना झटके येऊन यकृतावर बेतल्याची उदाहरणं आहेत. आमची बाटली आता देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर असते. दुसरे आमचे हे. त्यांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत आणि युजेनॉलही रक्त गोठण्याच्या आड येतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना काही नाही.

मेडिकलच्या बाटलीला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो बुचासाठी. ड्रॉपर नाही, थेंब मोजता येत नाही, माझी हिरडी त्यातच गेली. ऑनलाइनच्या बाटलीला एक, तोही काचेचा. तिच्या ड्रॉपरचं रबर महिन्याभरात फुगून चिकट झालं. पैसे परत मागितले तर 'सील उघडलेलं आहे' असं उत्तर आलं. सील न उघडता थेंब पाण्यात कसा टाकायचा, हे मी विचारलंय. अजून उत्तर नाही.