गोल्डन रिंग की कॅरिइंग ऑन, आधी कुठला घ्यायचा?

जुनं अमेरिकन कंट्री संगीत, त्यातही ड्युएट, म्हणजे दोघांनी मिळून गायलेली गाणी ऐकायचीत आणि एकच रेकॉर्ड घ्यायचीय, मग गाडी बहुतेक या दोन जोड्यांपाशी येऊन अडते. जॉनी कॅश-जून कार्टरचा कॅरिइंग ऑन, १९६७ चा. आणि जॉर्ज जोन्स-टॅमी वायनेटचा गोल्डन रिंग, १९७६ चा. गंमत म्हणजे पहिला लग्नाच्या आधीचा आहे (लग्न मार्च १९६८ मध्ये) आणि दुसरा घटस्फोटानंतरचा. जॉर्ज-टॅमी १९७५ मध्येच वेगळे झाले होते, तरी एकत्र गायले!

कॅरिइंग ऑनमध्ये जॅक्सन हे गाणं आहे, बास, अर्धे लोक तेवढ्यासाठीच घेतात. नवरा फुशारकी मारतोय की जॅक्सन शहरात जाऊन धमाल करणार, बायको म्हणते जा की, लोक हसतील तुला. जून अशी काही टोमणे मारत गाते ना की कॅशचा तो भारदस्त आवाज पण जरा वरमल्यासारखा वाटतो. ग्रॅमी मिळालं या गाण्याला. बॉब डिलनचं इट एन्ट मी बेब पण छान जमलंय. पण रे चार्ल्सची दोन गाणी घेतलीत ती मला तरी उगाच भरतीची वाटतात, एकदा ऐकली की पुढे ढकलतो.

गोल्डन रिंगचं टायटल साँग म्हणजे तीन मिनिटांत अख्खा संसार. शिकागोच्या एका दुकानात गहाण पडलेली अंगठी, एक जोडपं ती विकत घेतं, लग्न होतं, भांडणं होतात, आणि अंगठी परत त्याच दुकानात. बरं हे गातंय कोण तर नुकतेच वेगळे झालेले दोघं! जॉर्ज शब्द खेचून खेचून गातो तिथे तर काटाच येतो. कंट्री चार्टवर नंबर वनला गेलं, आणि याच रेकॉर्डवरचं निअर यू सुद्धा. बिली शेरिलची निर्मिती, त्यामुळे व्हायोलिन्स नि मागचा कोरस भरपूर, ते गुळगुळीत वाटत असेल तर मात्र कॅशची ती रेल्वेसारखी खडखडणारी गिटार तुम्हाला बरी पडेल.

मी गोल्डन रिंगच आधी घ्या म्हणेन. जॅक्सन काय, सुटं ऐकलं तरी चालतं, बाकीच्या गाण्यांवाचून फारसं अडत नाही. ड्राइव्हला जाताना, चार लोकांत लावायला हवंय तर गोष्ट वेगळी, तिथे कॅश-जूनच.

आणि खऱ्या आयुष्यातला ड्रामा नकोच असेल तर कॉनवे ट्विटी-लोरेटा लिनचा १९७३ चा लुइझियाना वुमन, मिसिसिपी मॅन बघा. हे दोघं नवरा-बायको नव्हतेच कधी, आणि लोरेटा तर लुइझियानाची पण नाही, केंटकीची.