एजंटसाठीचं शेअरभावाचं टूल: काही महिन्यांच्या वापरानंतर

एआय एजंटला, म्हणजे आपल्या वतीने कामं करणाऱ्या एआय प्रोग्रामला, शेअरबाजाराचा डेटा काढून देणारं एक टूल मी बरेच महिने रोज वापरते आहे. भाव बरोबर येतात, उत्तर वेळेत येतं. त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते डॉक्युमेंटेशनबद्दल, म्हणजे टूल कसं वापरायचं हे सांगणाऱ्या मजकुराबद्दल. या काळात जे बिघडलं आणि जे सुधारलं, ते जवळजवळ सगळं तिथेच.

डॉक्युमेंटेशन अर्धवट असलं तरी माणूस निभावून नेतो. दोनदा चालवून बघतो, आकडा खटकला तर थांबतो, कुणाला तरी विचारतो. एजंटसमोर टूलचं नाव, त्याखालचं वर्णन आणि कोणकोणती माहिती द्यायची याचा तपशील, एवढंच असतं. तिथे जे लिहिलेलं नाही ते तो अंदाजाने भरतो आणि उत्तर इतक्या ठामपणे देतो की वाचणाऱ्याला शंकाही येत नाही.

सुरुवातीला या टूलचं वर्णन एका ओळीचं होतं: ‘शेअरचा भाव परत देते.’ लंडनच्या बाजारात बहुतेक शेअरचे भाव पौंडात नव्हे, पेन्समध्ये सांगितले जातात. समजा टूलने 2,450 हा आकडा दिला आणि चलनाच्या रकान्यात ‘जीबीएक्स’ लिहिलं. एजंट ते सरळ 2,450 पौंड धरायचा आणि पुढचा सगळा हिशेब शंभर पटीने फुगायचा. डेटा अगदी बरोबर, निष्कर्ष साफ चुकीचा. पुढच्या आवृत्तीत वर्णनात एक ओळ आली: ‘जीबीएक्स म्हणजे पेन्स, पौंडात हवं असेल तर 100 ने भागा.’ तेवढ्यावर हा घोळ थांबला. एजंटमागचं एआय मॉडेल तेच, डेटा तोच.

स्प्लिटचंही, म्हणजे एका शेअरचे अनेक करण्याचंही, तसंच. जून 2024 मध्ये एनव्हिडियाने एका शेअरचे दहा केले. आधी 1,200 डॉलरच्या आसपास असलेला भाव नंतर 120 च्या आसपास दिसू लागला. जुने भाव स्प्लिटनुसार जुळवून न घेता दिले, तर एजंट ‘शेअर 90 टक्के कोसळला’ असा अहवाल बिनधास्त लिहून देतो. या टूलमध्ये आता मूळ बंद भाव आणि जुळवलेला बंद भाव असे दोन वेगळे रकाने आहेत, आणि दोन तारखांची तुलना करताना कोणता घ्यायचा हे तिथेच लिहिलं आहे. मला हे फार आवडलं. ही सूचना वेगळ्या माहितीपानावर ठेवली असती तर काहीच उपयोग नव्हता, कारण एजंट ते पान आपणहून उघडत नाही.

कंपनीच्या नावावरून टिकर, म्हणजे बाजारातलं तिच्या शेअरचं छोटं नाव, शोधायची सोय वेगळी ठेवली आहे, तीही योग्यच. नावावरून टिकरचा अंदाज बांधणं माणसांनाही महागात पडलं आहे. मार्च 2020 मध्ये लोक व्हिडिओ कॉलवाली झूम समजून भलत्याच, छोट्याशा झूम टेक्नॉलॉजीजचे शेअर घेत होते. शेवटी एसईसी या अमेरिकेच्या शेअरबाजार नियामकाने त्या शेअरचे व्यवहार काही दिवस थांबवले. मॉडेलच्या बाबतीत जुन्या माहितीची भर पडते. फेसबुकच्या कंपनीचा टिकर 9 जून 2022 ला ‘एफबी’वरून ‘मेटा’ झाला, तरी एजंट अधूनमधून ‘एफबी’च पाठवतो. म्हणून वर्णनातलं ‘टिकर आठवणीतून देऊ नका, आधी शोधा’ हे वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

एरर मेसेजकडे बहुतेक जण डॉक्युमेंटेशन म्हणून बघतच नाहीत, पण एजंटच्या दृष्टीने तेही डॉक्युमेंटेशनच. रविवारचा भाव मागितला की पूर्वी रिकामी यादी यायची, आणि रिकामी यादी मिळाली की एजंट कधीकधी स्वतःच्या मनाने आकडा ठोकून द्यायचा. आता उत्तर येतं, ‘या दिवशी बाजार बंद होता, शेवटचा व्यवहाराचा दिवस अमुक तारीख.’ एजंट ती तारीख घेऊन पुन्हा विचारतो आणि ‘हा शुक्रवारचा भाव आहे’ असं वापरणाऱ्याला सांगतोही. मर्यादेपेक्षा जास्त विनंत्या गेल्या की येणारा 429 हा एरर कोड मात्र अजून कोराच आहे. किती सेकंद थांबायचं ते सांगत नाही, त्यामुळे एजंट त्याच दारावर धडका देत राहतो.

आणखी तक्रारी आहेत. जुळवलेल्या भावात फक्त स्प्लिट धरलाय की लाभांशही, हे कुठेही स्पष्ट नाही. दहा वर्षांचा परतावा काढायचा तर या एका गोष्टीने उत्तर बदलतं. वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत येते हे माणसांसाठीच्या पानावर आहे, एजंटला दिसणाऱ्या वर्णनात नाही. दोन ठिकाणचा मजकूर वेगवेगळा हात लावून बदलला जातो, हे वाचताना जाणवतं. एकाच ठिकाणी लिहून दोन्हीकडे न्यायला हवं.

उलट बाजूने, हल्ली वर्णन वाढतही चाललं आहे. टूलचं वर्णन प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातं, म्हणजे त्यातला प्रत्येक शब्द दर वेळी जागा खातो. कंपनीचा इतिहास, ‘अत्याधुनिक’, ‘वेगवान’ असली विशेषणं तिथून काढावीत. त्या जागी नमुन्याचं एक खरं उत्तर, रकान्यांसकट, द्यावं.

एकेका शेअरचा भाव, दोन तारखांची तुलना, अनेक बाजारांतल्या कंपन्या एकत्र बघणं, एवढ्यासाठी हे टूल मी बिनदिक्कत सुचवेन. लाभांशासह परतावा काढणाऱ्यांनी मात्र थांबावं. ती कामं मी सध्या या एजंटकडे देत नाही; लाभांशाची यादी वेगळी मागवून हिशेब कोडमध्ये करते.